टाके, तीन भोकं आणि देवाचं वजन

काही गोष्टी आपण गोळा करत नाही. फणसाच्या पाल्यासारख्या त्या अंगणात येऊन पडतात. सकाळी झाडून घ्यावं तर दुपारी पुन्हा तेवढाच ढीग! माझ्याकडच्या हर्नियाच्या गोष्टींचं असंच झालं आहे.

मी पेडणे तालुक्यात पाण्याचे मीटर वाचतो. दर महिन्याला तीच घरं, तेच कुत्रे, तेच नळ. नऊ वर्षांपूर्वी माझ्या उजव्या जांघेतल्या हर्नियाचं ऑपरेशन झालं आणि ते गावाला कळलं. तेव्हापासून लोक मला मीटर दाखवण्याआधी जांघ दाखवतात. घरात बायकामाणसं असली तर निदान तोंडी सांगतात, एवढाच काय तो सुटकेचा भाग.

मला रोज चार ओळी लिहून ठेवायची सवय आहे. त्यामुळे ऐकलेलं विसरायची सोयही राहिलेली नाही.

*

माझं ऑपरेशन 'ओपन' होतं. सरकारी इस्पितळ, कण्यात इंजेक्शन. कंबरेच्या खालचं शरीर दुसऱ्या कुणाचं तरी झालेलं, आणि वरचा मी टक्क जागा. मध्ये हिरवा पडदा. पडद्यापलीकडे दोन डॉक्टर बांगड्यांबद्दल बोलत होते. एकाच्या मते ह्या वर्षी बांगडा बारीक. दुसऱ्याच्या मते बारीकच चांगला, त्याला चव असते.

"जरा कापून बघ, आत बरीच चरबी आहे," पहिला म्हणाला.

मला राहवलं नाही. मी विचारलं, "डॉक्टर, हे बांगड्याचं चाललंय की माझं?"

पडद्यापलीकडे नर्स हसली आणि मला कळलं, माझंच.

ऑपरेशननंतर डॉक्टरांनी समजावून सांगितलं. पोटाच्या भिंतीत जांघेपाशी भोक पडलं होतं, तिथून आतडं डोकं बाहेर काढत होतं. ते आत ढकलून भोकावर बारीक जाळीचं ठिगळ बसवलं. शेजारच्या खाटेवर चोपड्याचा एक म्हातारा मासेमार होता. तो कान देऊन सगळं ऐकत होता.

"जाळां फाटला की आमीय दुसऱ्या जाळ्याचो तुकडो लायतो," तो मला म्हणाला. "ह्येका शिकाक इतकी वर्षां कित्या लागली मरे?"

*

चार वर्षांनी आमच्या वाड्यावरच्या सगुणचा नंबर लागला. सगुण ड्रायव्हर. डिचोलीला खाणीवर ट्रक चालवायचा. त्याने खाजगी हॉस्पिटलात दुर्बिणीचं ऑपरेशन करून घेतलं. पूर्ण भूल, बेंबीपाशी एक भोक, खाली दोन. दुसऱ्या दिवशी घरी, आणि आठवड्याभरात तो बाजारात उभा राहून शर्ट वर करून दाखवत होता!

"नारायणदादाचो पॅच भायल्यान लायलो," तो माझं नाव घेऊन लोकांना सांगायचा. "टायरचो पॅच कोण भायल्यान लायता काय? माझो आतल्यान! आत हवा जितकी दाबतली, तितको तो घट्ट बसतलो!"

एकदा चालत्या बसमध्ये त्याने असाच शर्ट वर केला. कंडक्टर त्याच्यासमोर दोन मिनिटं उभा होता. शेवटी म्हणाला, "भोकां बघली. आता तिकीट दाखय."

पण सगुण एक गोष्ट बाजारात सांगत नसे. ती मला त्याच्या बायकोने मीटरजवळ उभं राहून सांगितली. घरी आल्यावर पहिल्याच दिवशी दुपारी त्याचा उजवा खांदा असा दुखायला लागला की त्याने हार्ट अटॅक आला असं जाहीर करून टाकलं. शेजारी धावले. कुणी तांदूळ ओवाळले, कुणी मुंबईच्या भावाला फोन लावला. सगुणने डोळे मिटून बायकोला ट्रकची कागदपत्रं कुठे आहेत तेही सांगून टाकलं.

शेवटी कुणीतरी हॉस्पिटलला फोन केला. तिथली नर्स शांतपणे म्हणाली, "दुर्बीण घालायला पोटात गॅस भरतात. तो थोडा उरतो, त्यानं खांदा दुखतो. दोन दिवसांत जाईल. फिरायला सांगा."

सगुणच्या आईने फोन ठेवायच्या आत ओवा कुटायला घेतला. "गॅस भरूक येवडा मोठा हॉस्पिटल," ती म्हणाली, "आनी काडूक माजो ओवो!"

*

त्यानंतर टिंटावरच्या चहाच्या दुकानात आमच्या दोघांची तुलना हा रोजचा कार्यक्रम झाला. टिंटो म्हणजे आमचा बाजाराचा नाका. गोल उंडे पाव आणि चहा समोर आला की कुणीतरी विषय काढायचंच. ओपन बरं की दुर्बीण? जणू आम्ही दोन पक्षांचे उमेदवार.

एकदा वाद फारच वाढला तेव्हा मी माझी जुनी वही घेऊन गेलो आणि वाचून दाखवली. तिसऱ्या दिवशी आधाराशिवाय उठलो. सातव्या दिवशी शिंक आली, जांघ धरून शिंकलो. अकराव्या दिवशी हात न लावता शिंकलो. तीन आठवड्यांनी कामावर. टाक्यांखालची बोटभर जागा अजून बधिर, तिथे डास चावला तरी कळत नाही.

सगुण म्हणाला, "मी धाव्या दिसा कामार. शिंक तिसऱ्या दिसा. पूण दोन दीस खांदो, आनी भुलीतल्यान उठताना इतको ओकलंय, इतको ओकलंय…"

कोपऱ्यात गुणोबाब बशीत चहा ओतून पीत होते. बशी खाली ठेवून ते म्हणाले, "म्हणजे दोगांकय दुखलां."

"दुखलां," आम्ही म्हणालो.

"मगे माजो पट्टो बरो!" आणि ते उठून गेले.

*

आता ह्या पट्ट्याबद्दल सांगायला हवं.

गुणोबाब आमच्या वाड्यावरचे वडीलधारे. वय साठीच्या पुढे. डाव्या बाजूचा हर्निया वीस वर्षांचा. त्याला दाबून धरायला चामड्याचा पट्टा, पुढे गादी. पट्टा असूनही तो संध्याकाळपर्यंत बाहेर यायचाच. मग गुणोबाब सोप्यावर उताणे पडायचे, पाय भिंतीला वर टेकवायचे आणि हाताने हळूहळू आत बसवायचे. समोर पाहुणा असला तरी बोलणं थांबत नसे. सोयरिकी, पाऊस, पंचायत, सगळं त्याच आसनात.

त्यांची बायको, आमची वयनी, एकदा चहा आणता आणता म्हणाली, "ह्या घराक दोन देव. येक देवळात, येक ह्येंच्या जांगेत. दोगांकय बसवन दवरूचे पडतात!"

देवळातल्या देवाचंही तिने उगाच नाही म्हटलं. दसऱ्याला आमच्याकडे देवाचं तरंग निघतं. माणसाहून उंच लाकडी खांब, त्याला घडीवर घडी साड्या नेसवलेल्या, वर छत्री. बूड पोटाशी धरून तो उचलायचा आणि वाजपाच्या तालावर नाचवायचा. उचलणाऱ्याच्या अंगात देव येतो, लोक त्याला आपली दुखणीखुपणी विचारतात. हा मान गुणोबाबांच्या घराचा. वडिलांनंतर तीस वर्षं त्यांनी एकदाही चुकवला नव्हता. पोटाशी धरलेला तो खांब आणि खाली तो हर्निया! मला बघूनच घाम फुटायचा.

त्यांना मुलगा नाही. पुतण्या उमेश मुरगावच्या बंदरात क्रेन चालवतो. तो दर वर्षी म्हणायचा, "काका, ह्या वर्षी मी घेतंय."

गुणोबाब म्हणायचे, "तू कुर्सीर बसून बटण दामतंय, वजन क्रेन उचलता! तरंगाक बटण ना." आणि उमेश गेला की मला हळूच सांगायचे, "नारायणा, मान येकदा दुसऱ्याच्या हातात गेलो की परत गावना रे."

*

भर पावसाळ्यात एका दुपारी गुणोबाबांचा हर्निया आत जाईना. पाय भिंतीला, घाम डोक्याला, आणि गोळा दगडासारखा. मी मीटर वाचायला आलेलो, तो तिथेच बसलो. पावणेदोन तास मी घड्याळाकडे बघत होतो. वयनी देवाकडे बघत होती. अखेर गोळा कसाबसा आत गेला. गुणोबाबांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "चल. आता डॉक्टर."

उमेशने रजा टाकून गाडी आणली, मीही सोबत गेलो. सर्जन एक तरुण बाई होत्या, मडगावकडच्या. त्यांनी तपासलं आणि स्पष्ट सांगितलं, "आज नशिबानं आत गेलं. पुढच्या वेळी आतडं अडकलं तर जीव जाईल. ऑपरेशन करायचंच."

"करूया गो बाय," गुणोबाब म्हणाले. "पूण खंयचां? धा आठवड्यांनी दसरो. खंयच्या ऑपरेशनान मी तरंग उचलतलंय?"

बाईंनी दोन्ही समजावलं. दुर्बिणीने दुखतं कमी, माणूस लवकर हिंडाफिरायला लागतो, दोन्ही बाजूंना हर्निया असेल तर तेच सोयीचं. पण पूर्ण भूल लागते. ओपन कंबरेखालच्या भुलीवर होतं, टाका मोठा, थोडं जास्त दुखतं. जाळी दोन्हीत. नीट केलं तर टिकायला दोन्ही सारखीच. "आणि तुमच्या कामासाठी म्हणाल, तर दोन्हीत मी सहा आठवडे जड उचलू देणार नाही. ह्या तरंगाचं वजन किती?"

"देवाचां वजन कोण करता गो बाय?" गुणोबाब म्हणाले.

"अंदाजे सांगा. पाच किलो? पंचवीस?"

मी कागद घेऊन हिशेब मांडला. खांब फणसाचा, छत्री पितळेची, साड्या नऊवारी. पण दर वर्षी कुणाचा ना कुणाचा नवस फिटतो आणि एक साडी वाढते. म्हणजे देव दर वर्षी जड होतो आणि उचलणारा दर वर्षी म्हातारा! हे माझ्या लक्षात आलं ते तिथे, त्या खुर्चीवर.

"पंधरा धरा," मी म्हटलं.

बाहेर आल्यावर मी केसपेपर वाचला. 'कोणती जड वस्तू उचलतात' ह्या ओळीपुढे बाईंनी नीट अक्षरात लिहिलं होतं: देव, अंदाजे १५ किलो.

*

आता इतकं सगळं ऐकल्यावर माणूस काय करील? निर्णय घेईल. गुणोबाबांनी प्रसाद लावायचं ठरवलं!

आमच्याकडे लग्न, विहीर, घराचा पाया, काहीही देवाला विचारल्याशिवाय होत नाही. गुरव मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि जी पाकळी पडेल तो देवाचा कौल. ठरलं असं की उजवी पाकळी म्हणजे दुर्बीण, डावी म्हणजे ओपन.

पहिल्या सोमवारी दोन्ही पाकळ्या एकदम पडल्या.

सगुण मागून म्हणाला, "देव म्हणता दोनय कर!"

दुसऱ्या सोमवारी दोन तास बसलो, एकही पडली नाही. गुरवाने घाम पुसला. "आज देवाक बोलूचां ना," तो म्हणाला आणि जेवायला गेला.

तिसऱ्या सोमवारी उजवी पडली. दुर्बीण! सगुणने तर जणू स्वतःच निवडून आल्यासारखे हात जोडले.

मग तपासण्या झाल्या. भुलीच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो बघितला, विडीची चौकशी केली आणि मान हलवली. "ह्या छातीला पूर्ण भूल आणि पोटात गॅस नको. ओपन करा."

"देवान दुर्बीण सांगल्या," गुणोबाब म्हणाले आणि घरी येऊन बसले. पट्टा घालून. डॉक्टरीणबाईंचा फोन मला आला. वयनी रडली. उमेश ओरडला, त्याचा काही उपयोग झाला नाही. देवाने सांगितलेलं डॉक्टर मोडणार आणि त्यावर तरंग उचलायचं, हे गुणोबाबांच्या डोक्यात बसेना. आणि आतडं तर कुणाच्या कौलासाठी थांबणार नव्हतं.

शेवटी मी गुरवाकडे गेलो. गुरव थकलेला माणूस. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आमी देवाक डॉक्टर केलो, ही आमची चूक. देवाक देवाचां विचारूया."

चौथ्या सोमवारी त्याने उजवी म्हणजे होय, डावी म्हणजे नको असं ठरवून नवं गाऱ्हाणं घातलं. "म्हाराजा, डॉक्टरीण सांगता तसा करूचां काय?"

प्रश्न संपायच्या आत उजवी पाकळी पडली. मी इतकी वर्षं प्रसाद बघतो, इतक्या घाईने पडलेली पाकळी बघितली नाही. देवालासुद्धा कधी एकदा सुटतो असं झालं असावं.

*

ऑपरेशन ओपन झालं, नीट झालं. पण प्रसादात आणि तपासण्यांत दिवस गेले, मग तारीख मिळेपर्यंत आणखी. मी वहीत मोजून ठेवलं होतं. ऑपरेशनपासून दसऱ्यापर्यंत साडेचार आठवडे. बाईंनी सांगितलेले सहा.

टाके काढायला गेलो तेव्हा बाईंनी धोतर सरकवलं आणि थबकल्या. ड्रेसिंगच्या वर चामड्याचा पट्टा!

"हा कशाला? आता आत जाळी आहे."

"आसूं दी गो. वीस वर्षांचो शेजारी, लगेच घरातल्यान कसो भायर काडू?"

बाईंनी पट्टा काढून वयनीच्या हातात दिला. मग खुर्ची पुढे ओढून बसल्या. "आजोबा, दसऱ्याला उचलायचं नाही. उचललंत आणि जाळी सरकली तर मी पुन्हा करीन. पण ते ह्या वेळेसारखं सोपं नसेल."

परतताना गाडीला पेडण्याचा चढ लागल्यावर गुणोबाबांनी मला विचारलं, "नारायणा, तुजी वही काय म्हणता? साडेचार आठवड्यांनी तू काय उचलतालंय?"

मी वही काढली नाही. मला पाठ होतं. "पाण्याची कळशी," मी म्हटलं. "अर्दी."

पुढच्या सीटवर उमेश गाडी चालवत होता. त्याने आरशातून मागे बघितलं आणि पुन्हा रस्त्याकडे.

*

दसऱ्याच्या दुपारी देवळासमोर गाव जमला. वाजप सुरू झालं. गुणोबाब नवीन धोतर नेसून सगळ्यांच्या पुढे येऊन उभे राहिले आणि वयनीने माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी वण होता. मी मनात ठरवून ठेवलं होतं की त्यांनी खांबाला हात घातला तर पुढे होऊन अडवायचं. गाव काय म्हणेल ते म्हणो.

त्यांनी खांबाला हात घातला.

मी दोन पावलं पुढे गेलो. तोवर त्यांनी मान वळवली. "उमेश, हांगा ये." मग पुतण्याचे दोन्ही हात धरून खांबावर ठेवले, एक वर, एक खाली. तळहाताने बूड त्याच्या पोटाशी सरकवून दिलं आणि मागे सरले.

उमेशने तरंग उचललं. एक झोकांडी गेली. मग ताल सापडला. साड्या फुलल्या, छत्री हलायला लागली, आणि थोड्या वेळाने त्याच्या अंगात देव आला. डोळे वर, अंग थरथरतंय, आवाज घोगरा. लोक रांगेने पुढे होऊन विचारू लागले. कुणाचं लग्न, कुणाची गाय, कुणाची नोकरी. देव सगळ्यांना उत्तरं देत होता आणि तांदूळ देत होता.

मी वयनीला सांगायला वळलो तर गुणोबाब बाजूला नव्हते. रांगेत उभे होते. माझ्या आठवणीत ते कधी रांगेत उभे राहिले नव्हते. तीस वर्षं त्यांच्याच तोंडून देव बोलला होता. त्यांना विचारायचं कुठून सुचणार?

पाळी आली. वाजप थांबलं. गुरव म्हणाला, "विचार, गुणोबाब."

गुणोबाबांनी हात जोडले. तरंगाकडे खालपासून वरपर्यंत बघितलं, प्रत्येक साडीकडे. मग विचारलं, "म्हाराजा, जड जाता काय रे?"

छत्री हलायची थांबली. उमेशच्या कपाळावरून घाम ओघळत होता. सगळा गाव ऐकत होता.

"जाता, काका," देव म्हणाला.

गुणोबाबांनी ओंजळ पुढे केली, तांदूळ घेतले आणि म्हणाले, "माकाय जातालां, तीस वर्षां."

गुरवाने गाऱ्हाण्याच्या सवयीने "व्हय म्हाराजा" म्हटलं, आणि मागून सगळ्या गावाने एका आवाजात म्हटलं, "व्हय म्हाराजा!"